सुरवंटाचे केस लागले तर काय कराल?

पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर सुरवंटांचे पुंजके दिसू लागतात. मधल्या सुट्टीत एखादं मूल त्याच झाडाला टेकतं आणि रडत येतं, "बाई, लई खाजतंय!" आपण पटकन चोळायला जातो. नेमकं तेच टाळायचं आहे.

इथे सुरवंट चावलेला नसतो, त्याचे बारीक केस कातडीत रुतलेले असतात. चोळलं की ते मोडतात, आणखी आत जातात. तोच हात डोळ्यालाही लागतो.

म्हणून आधी चिकटपट्टी घ्या. खाजणाऱ्या जागेवर हलकेच दाबून उचला. दर वेळी नवा तुकडा घ्या. मग साबण-पाण्याने धुवा, कपडे बदला, गार पाण्याची घडी ठेवा. नंतर कॅलामाइन लोशन लावता येतं.

डोळ्यात केस गेला असेल तर चोळू न देता भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ओठ सुजले, दम लागला तर थेट दवाखाना गाठा.

मेलेल्या सुरवंटाच्या केसांनीही खाज सुटते, हे मुलांना जरूर सांगा. आणि शाळेच्या प्रथमोपचार पेटीत चिकटपट्टी ठेवाच!