शॉटरी व आल्फ्रिस्टन येथील दोन आंग्ल गृहें

जुन्या पोथीचा काळ ठरवितांना रचनाकाल व लेखनकाल यांची गल्लत होऊं नये, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. घरांविषयींही हाच विवेक लागतो. इंग्लंडांतील दोन संरक्षित गृहें आम्ही उदाहरणादाखल घेतों.

पहिलें वॉरिकशायरांतील शॉटरी येथील. शेक्सपियरची पत्नी अ‍ॅन हॅथवे हिचें माहेर. त्याच्या धुराड्यावर १६९७ हा सन व आद्याक्षरें कोरलेलीं आहेत. तेवढ्यावरून घर त्या सालचें म्हणणें म्हणजे नकलकारासच ग्रंथकार मानणें होय. अ‍ॅनचा पिता रिचर्ड १५८१ त वारला. त्याच्या मृत्युपत्रावरून कुटुंब कळतें, घराचें वय नव्हे. तें लांकूडच सांगतें. तुळयांतील वार्षिक वलयें मोजून मूळ बांधणी सुमारें १४६३ ची ठरली आहे.

ह्या बांधणींत वांकडें झाड उभें चिरून त्याचे दोन भाग समोरासमोर उभे करीत व वर आढ्यापाशीं जोडीत. अशा दोन जोड्यांमधील जागा म्हणजे एक खण. छपराचा भार ह्या जोड्यांवरच पडे. मधल्या भिंती केवळ कुडाच्या. वर गवताची शाकारणी. मुख्य दालन आढ्यापर्यंत मोकळें असे, व मध्यभागीं पेटलेल्या आगटीचा धूर छपरांतूनच बाहेर जाई. पुढें धुराडें आलें, धूर कोंडला गेला, तेव्हांच वर माळा घालणें शक्य झालें. शॉटरीचें दालन असेंच झांकलें गेलें.

जें तेथें लोपलें, तें ससेक्समधील आल्फ्रिस्टनच्या धर्मोपदेशक-गृहांत दिसतें. येथील दालन अद्याप आढ्यापर्यंत मोकळें आहे. मात्र बांधणी निराळी: सरळ खांब व तुळया यांची चौकट, दोन्ही टोकांचे मजले पुढें आलेले, दालन मध्यें मागें सरलेलें, आणि सर्वांवर एकच छप्पर. जमीन खडूची चोपलेली असून आंबट दुधानें बसविलेली आहे.

शॉटरीचें घर १८९२ त शेक्सपियर जन्मस्थान न्यासानें घेतलें. आल्फ्रिस्टनचें १८९६ त नॅशनल ट्रस्टनें अवघ्या १० पौंडांस. ती त्या संस्थेची पहिलीच इमारत. शॉटरीच्या घरास १९६९ त आग लागून बरीच हानि झाली, तरी तें सांवरलें गेलें.

मूळ दालन जितकें प्रमाण, तितकाच मागाहून घातलेला माळा व धुराड्यावरील सनही प्रमाण होय. उत्साही संपादकानें समासांतील टीपा खरवडून टाकाव्या, तशी दुरुस्ती होऊं लागली तर घर उभें राहील, पण त्याचा इतिहास नष्ट होईल.