हुंडी, मुदत आणि बोटीची शिडी

३ फेब्रुवारी २०२० रोजी ‘डायमंड प्रिन्सेस’ ही प्रचंड प्रवासी बोट जपानच्या योकोहामा बंदराशी पोहोचली आणि तेथेच अडकून पडली. त्या बोटीतून आधी हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशास कोविडची बाधा झाल्याचे कळले होते. ५ फेब्रुवारीपासून प्रवाशांनी आपापल्या खोल्यांतच राहावे, अशी आज्ञा झाली. बोटीवर एकंदर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी ७१२ जणांना संसर्ग झाल्याचे अखेरीस निष्पन्न झाले. आपले भारतीय १३८ होते आणि त्यांतील १३२ जण प्रवासी नव्हते, तर नोकरीवर असलेले कर्मचारी होते. प्रवासी दारे लावून बसले तेव्हा त्या दारांशी जेवणाची ताटे पोहोचविण्याचे काम कर्मचाऱ्यांनाच करावे लागले. ते स्वतः मात्र लहानशा खोल्यांत दाटीने राहत होते आणि एकाच भोजनगृहात जेवत होते. २७ फेब्रुवारीस एअर इंडियाच्या खास विमानाने ११९ भारतीय दिल्लीस परतले.

त्याच महिन्यात ‘वेस्टरडॅम’ नावाच्या दुसऱ्या बोटीस जपान, तैवान, फिलिपिन्स, थायलंड आणि अमेरिकेचे ग्वाम बेट यांनी बंदरात घेण्याचे नाकारले. शेवटी १३ फेब्रुवारीस कंबोडियाने आपले सिहानूकव्हिल बंदर तिच्यासाठी उघडले. पाण्यावर भटकणाऱ्या बोटीला नकार देणे सोपे असते; विमान कोठे तरी उतरवावेच लागते.

बंदरांची ही भीती मात्र नवी नाही. एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा या व्यापारी नगराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ साली प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस गावाबाहेर थांबण्याचा नियम केला. पुढे व्हेनिसमध्ये तीसाचे चाळीस झाले आणि इटालियन भाषेतील चाळीस या शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द जगभर रूढ झाला. त्या काळी चाचणी नव्हती. काळ हीच चाचणी होती. पुढील शतकांत निघण्याच्या बंदराचा अधिकारी कप्तानास आरोग्यपत्र देई. निघताना गावात साथ नव्हती, एवढीच त्या पत्राची ग्वाही. असे पत्र ज्याच्याजवळ नसे, त्याचा माल गोदीत उतरत नसे.

आपल्या घराण्यांना हे ओळखीचे वाटावे. गावच्या पेढीने लिहिलेली हुंडी दूरच्या पेठेत वटते, ती कागदाच्या किमतीवर नव्हे, लिहिणाऱ्याच्या पतीवर. माझे सासरे सांगलीला हळदीच्या पेढीवर बसत. दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी यांतला फरक त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत समजावून सांगितला होता. शाहजोग म्हणजे केवळ पतवान व्यापाऱ्याच्या हातूनच वटणारी, हेही. हुंडी हरवली तर पेठ लिहावी, तीही हरवली तर परपेठ. कोविडच्या दोन वर्षांत आंतरराष्ट्रीय बोटीवर चढू इच्छिणाऱ्या प्रत्येकाच्या हाती जो चाचणीचा कागद होता, तो नेमका असाच होता. त्याला मुदत होती, तो मान्य प्रयोगशाळेचाच लागे आणि पलीकडच्याने स्वीकारला तरच त्याला मोल.

अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण केंद्राने १४ मार्च २०२० रोजी प्रवासी बोटींचे पर्यटन थांबविले. तेथून प्रवासी घेऊन बोटी पुन्हा निघू लागल्या त्या २०२१ च्या जूनमध्ये. सिंगापूरने त्याआधीच, २०२० च्या नोव्हेंबरात, कोणत्याही परक्या बंदरास न लागता परत येणाऱ्या सफरी सुरू केल्या होत्या. डिसेंबरात अशाच एका सफरीवर ‘क्वांटम ऑफ द सीज’ या बोटीवरील ८३ वर्षांच्या प्रवाशाची चाचणी बाधित आली. बोट अर्ध्या वाटेतून परतली, सर्वांना खोल्यांत बसविले गेले. आणि किनाऱ्यावर पुन्हा तपासले तेव्हा त्या गृहस्थांना कोविड नव्हताच! कागद खोटा नव्हता, चाचणी मात्र चुकली होती.

आमच्या कुटुंबाचा बोटीशी संबंध आला तो सासूबाईंच्या पंचाहत्तरीमुळे. मोठ्या दिरांनी २०२२ च्या एप्रिलसाठी मायामीहून निघणाऱ्या कॅरिबियन सफरीची नोंदणी केली होती. पैसे भरले डिसेंबरात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून गोव्याला गेलेल्या सुमारे दोन हजार माणसांच्या बोटीवर ६६ जण बाधित निघाले आणि ती बोट मुरगाव बंदरातून मुंबईस परतली. ही बातमी वाचली त्या दिवशी घरात कोणी फारसे बोलले नाही. १० जानेवारीस सासूबाईंना ताप आला. आरटीपीसीआर बाधित आली. चार दिवसांत त्या बऱ्या झाल्या. त्यांनी तो अहवाल घडी घालून जुन्या पावत्यांच्या पिशवीत ठेवून दिला. आमच्या घरात पावती फेकण्याची रीत नाही.

मार्चमध्ये आम्ही नियम वाचावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की दार एक नाही. पहिले दार विमानाचे. अमेरिकेत विमानाने येणाऱ्या परदेशी प्रौढाचे लसीकरण पूर्ण हवे, आणि दोन वर्षांवरील प्रत्येकाची, विमान सुटण्याच्या आदल्या दिवसाच्या आतली चाचणी हवी. दुसरे दार बोटीचे. तेथे बोटीवर चढण्यापूर्वीच्या दोन दिवसांतली चाचणी, आणि तीही कोणाच्या तरी देखरेखीखाली केलेली. घरी एकट्याने नाकात काडी घालून काढलेला निकाल चालत नसे. तिसरे दार वाटेतील बंदरांचे. ते आपल्या हाती नव्हतेच. त्या हिवाळ्यात काही कॅरिबियन बंदरांनी येणाऱ्या बोटींना ऐनवेळी नकार दिला होता.

लसीच्या प्रमाणपत्राचेही सोपे नव्हते. कोविशील्ड घेतलेल्यांची वाट तोवर मोकळी झाली होती. पण २०२१ च्या शरदात ब्रिटनने आपल्या प्रमाणपत्रावरून जो घोळ घातला तो अनेकांना आठवत असेल. धाकट्या दिरांनी कोव्हॅक्सिन घेतली होती. जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली ती ३ नोव्हेंबर २०२१ रोजी. त्याआधी निघावयाचे असते तर दोन डोस घेऊनही अमेरिकेच्या लेखी ते बिनलसीचेच राहिले असते. सासूबाईंच्या प्रमाणपत्रावर आधारवरचे नाव होते, पारपत्रावरचे नव्हते. जन्माचे केवळ वर्ष होते. को-विनवर पारपत्राचा क्रमांक जोडून, पूर्ण जन्मतारीख घालून ते नव्याने काढले. माझ्या जाऊबाईंच्या तेरा वर्षांच्या मुलाचे मात्र काहीच करता आले नाही. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आपल्याकडे कोर्बेव्हॅक्स सुरू झाली ती १६ मार्चला. दुसरा डोस अठ्ठावीस दिवसांनी. आणि बाहेरच्या देशांच्या यादीत ती लस तेव्हा नव्हतीच. आमच्या बोटीची अट बारा वर्षांवरील सर्वांच्या पूर्ण लसीची होती. तो आजोळी राहिला. निघताना त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला मात्र केवळ वयाने वाट मिळाली.

आता खरी अडचण सासूबाईंची. आमच्या डॉक्टरांनी बजावले की बरे झाल्यावरही काही आठवडे, कधी तर महिने, आरटीपीसीआरमध्ये मृत विषाणूचे अंश सापडू शकतात. तेव्हा यांची अँटिजेन चाचणी करा. ती अमेरिकेस चालत होती. शिवाय नव्वद दिवसांच्या आतला बाधित अहवाल आणि प्रवासास योग्य असल्याचे डॉक्टरांचे पत्र, हा दुसरा मार्गही नियमात होता. मोठ्या दिरांनी दिनदर्शिका पुढे ओढली. १० जानेवारी ते ८ एप्रिल: अठ्ठ्याऐंशी दिवस. पिशवीतला तो कागद बाहेर निघाला.

हे सर्व टूरवाल्याला दूरध्वनीवरून सांगत असताना तो म्हणाला, “कशाला एवढा व्याप? आजींचा निगेटिव्ह रिपोर्ट मी करून देतो. काडी घालायचीही गरज नाही. सगळे करतात.”

खोलीत शांतता पसरली. सफरीची रक्कम परत मिळणारी नव्हती, सात माणसांची तिकिटे होती, एक मूल आधीच मागे राहिले होते. आणि आमच्यापैकी एकानेही तत्काळ नाही म्हटले नाही, हे लिहिताना मला संकोच वाटतो. सासूबाईंनी दूरध्वनी आपल्या हाती घेतला.

“भाऊ, त्या बोटीवर माझ्या वयाची किती माणसं असतील?”

“असतील की आजी, हजार तरी.”

“मग मला खरंच काही असलं तर? माझ्या शेजारी जेवायला बसणाऱ्यानं तुमचा कागद बघायचा की मला?” आणि आम्हांकडे वळून, “काडी घाला. दोन रेघा आल्या तर मी सांगलीला जाईन, तुम्ही जा.”

चाचणीच्या वेळी चूक झाली ती मात्र त्यांची नव्हे, आम्हां शहाण्यांची. मुंबईहून पश्चिमेला जाणारी पुष्कळशी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. आमचे विमान ८ एप्रिलच्या पहाटे दोनला होते. बोलताना सारे जण ‘सात तारखेच्या रात्रीचे विमान’ असेच म्हणत. त्या हिशेबाने आदला दिवस म्हणून आम्ही सहा जणांनी ६ एप्रिलच्या संध्याकाळी आरटीपीसीआर केली. सातच्या सकाळी अहवाल हाती आले, सर्व ठीक. मुलगी कागद वाचत होती. तिने विचारले, “तिकिटावर आठ तारीख आहे ना? मग आदला दिवस आज नाही का?”

अमेरिकेचा नियम तासांवर चालत नव्हता, तारखेवर चालत होता. सातच्या कोणत्याही घटकेस केलेली चाचणी चालली असती, सहाची नव्हे. विमानतळावर हे कळले असते तर सामानासह परत फिरावे लागले असते. त्या दुपारी सातही जण पुन्हा प्रयोगशाळेत गेलो, अँटिजेनसाठी. सासूबाईंची पट्टी शेवटी ठेवली. पंधरा मिनिटे. एकच रेघ. अहवालावर चाचणीचा प्रकार, प्रयोगशाळेचे नाव, नमुना घेतल्याची तारीख आणि पारपत्र क्रमांक हे सारे आहे की नाही, हे या वेळी मुलीने एकेक बोट ठेवून तपासले. सासूबाईंनी प्रत्येकाच्या तीन प्रती काढावयास लावल्या. पेठ आणि परपेठ!

मायामीस पोहोचल्यावर दुसरे घड्याळ. बोट १० एप्रिलला सुटणार होती. सातची चाचणी तिला शिळी. नऊ तारखेस एका औषधांच्या दुकानात रांगेत उभे राहून पुन्हा सातही जणांनी नाक पुढे केले. पुन्हा निकाल येईपर्यंत कोणी कोणाशी बोलले नाही. बोटीच्या शिडीपाशी एका तरुण कर्मचाऱ्याने आमचे कागद पाहिले. तो गोव्याचा निघाला, मडगावकडचा. सासूबाईंनी त्याला विचारले, कोविडात कोठे होतास? “बोटीवरच, आजी. महिनोन्महिने. उतरायला बंदरच मिळत नव्हतं.” २०२० च्या एप्रिलात ‘मरेला डिस्कव्हरी’वरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईच्या समुद्रात थांबून होते. २३ तारखेस त्यांना उतरू दिले, तेही चाचणी आणि विलगीकरणाच्या अटीवर. ते वृत्त आम्ही घरबसल्या वाचले होते. सासूबाईंनी पिशवीतून खाकऱ्यांचे पुडके काढून त्याच्या हाती दिले. त्याने इकडे-तिकडे पाहिले आणि खिशात टाकले.

सफर उत्तम झाली. तिचे वर्णन येथे नको. परतताना आपल्या एअर सुविधा पोर्टलवर स्वयंघोषणा आणि लसीचे प्रमाणपत्र चढविले आणि सुखरूप घरी आलो.

यांतले आज जवळजवळ काहीच उरलेले नाही. अमेरिकेने विमानाआधीची चाचणी १२ जून २०२२ पासून रद्द केली. बोटींसाठीचा सीडीसीचा कार्यक्रम १८ जुलैस संपला. आपली एअर सुविधा २२ नोव्हेंबरास बंद झाली आणि परदेशी प्रवाशांवरील अमेरिकेची लसीची अट मे २०२३ मध्ये गेली. तरी आफ्रिका वा दक्षिण अमेरिकेच्या सफरीचा बेत असणाऱ्या वाचकांनी पीतज्वराची लस विसरू नये. त्या रोगाच्या प्रदेशातून वा तेथे विमान बदलून भारतात येणाऱ्याजवळ तिचे प्रमाणपत्र नसेल, किंवा लस घेऊन दहा दिवस झाले नसतील, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. हा कागद एकदा काढला की जन्मभर चालतो. आणि भूमध्य समुद्रातील बोट युरोपातून तुर्कस्तानास जाऊन परत युरोपात येत असेल, तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असलेला माणूस इस्तंबूलला उतरतो आणि मग त्याला परत आत येता येत नाही.

हे शेवटचे मला कसे ठाऊक, म्हणाल तर मोठ्या दिरांनी पुढच्या सफरीची चौकशी सुरू केली आहे. या खेपेस जाऊबाईंचा मुलगा पहिला. सासूबाईंनी कालच पिशवी काढून सर्वांचे जुने अहवाल तारखेप्रमाणे लावले. मी म्हटले, “आई, आता हे कोणी विचारत नाही.” त्या म्हणाल्या, “राहू दे. जागा किती लागते?”