‘जमेल’ कुठून येतं?

लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी, आठवड्यातून एकदा, शाळेत फुकट. बाई हातावर ठेवतात, मुलगी तोंडात टाकते, आणि बाईंची पाठ वळली की गोळी खिडकीतून बाहेर जाते. मागच्या खेपेला मळमळलं होतं, शौचाला काळं झालं होतं आणि घरी आजी म्हणाली होती, ‘असल्या गोळ्या कशाला खातेस गं?’

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५० टक्के होतं; २०१९-२१ मध्ये ते ५७ टक्क्यांवर गेलं. ताटात काय पडतं इथपासून याची कारणं अनेक आहेत. पण हातावरची गोळी पोटात का जात नाही, हा प्रश्न औषधशास्त्राचा नाही. तो ‘मला हे जमेल का’ याचा आहे.

या ‘जमेल’ची शास्त्रशुद्ध मांडणी आल्बर्ट बांडुरा (१९२५-२०२१) यांनी केली. जन्म कॅनडातल्या एका खेड्यातला, कारकीर्द अमेरिकेत स्टॅनफर्डला. सापाच्या भीतीनं गांजलेल्या लोकांवर ते उपचार करत. आधी दुसऱ्याला साप हाताळताना बघायचं, मग जरा जवळ जायचं, शेवटी स्वतः हात लावायचा. भीती तर गेलीच, पण ही माणसं इतर बाबतींतही धीट झाली. यातूनच बांडुरांचं लक्ष ‘सेल्फ-एफिकसी’कडे, म्हणजेच या ‘जमेल’कडे, वळलं आणि १९७७ मध्ये त्यांनी ही कल्पना सविस्तर मांडली.

हा ढोबळ आत्मविश्वास नव्हे. ‘जमेल’ कामागणिक बदलतं. गॅदरिंगला भाषण ठोकणाऱ्या मुलाला मित्रांच्या घोळक्यात गुटख्याची पुडी परत करणं जमेलच असं नाही. बांडुरांच्या मते ‘जमेल’ चार ठिकाणांहून येतं: स्वतः केलेल्या कामाच्या यशातून, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहून, भरवशाच्या माणसाच्या शब्दातून, आणि शरीर-मनाच्या स्थितीतून, धडधडणारी छाती ‘नाहीच जमणार’ म्हणते. पहिलं सर्वांत बळकट. आपण मात्र बहुतेक वेळा तिसऱ्यावरच भागवतो. भाषण देतो आणि निघतो.

महाराष्ट्रानं यापेक्षा चांगलं करून दाखवलंय. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं, तुलनेच्या गावांच्या मानानं तिथले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. पैठण तालुक्यात पाचोडच्या एका संस्थेनं किशोरींसाठी वर्षभर, संध्याकाळी तासभर, जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले, शिकवणाऱ्या गावच्याच. तिथं मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ वर गेलं. एकच वर्ष, पण शरीराच्या दृष्टीनं मोलाचं.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत लोकलची चार स्टेशनं. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते शहराची पायाभरणी झाली. आजही पत्ता ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असाच सांगतात. बराकीत राहून धंदा उभा करणारा शेजारी रोज डोळ्यांसमोर असणं, हा बांडुरांचा दुसरा झरा. पण तो उलटाही वाहतो. जीन्सच्या गाळ्यात धागे कापायला बसलेल्या पोराला शाळा सोडलेलेच मित्र दिसत असतील, तर तो तेच शिकणार.

आणि नुसत्या ‘जमेल’नं वालधुनी नदी स्वच्छ होत नाही. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून जात उल्हासनगरच्या वस्त्यांतून वाहणारी ही नदी कारखान्यांच्या सांडपाण्यानं नासली, त्याचा दोष तिच्या काठावरच्या मुलाच्या मनोबलाला देता येणार नाही. म्हणूनच बांडुरांनी सामूहिक सामर्थ्याचाही विचार केला: ‘आपल्याला जमेल’. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप निघाले, तेव्हा बचावपथकांबरोबर आसपासचे गावकरीही पाण्यात उतरले होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र बदलापूरनं वेगळाच धडा दिला. शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं ते मुली घरी बोलल्या म्हणून. चार वर्षांच्या जिवाला बोलणं जमलं. त्यानंतरचं सगळं मोठ्यांच्या हातात होतं, आणि तिथंच दिरंगाई झाली. शेवटी २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांना रुळांवर उतरून तासन्‌तास लोकल अडवाव्या लागल्या. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवणं आवश्यकच आहे. पण मूल बोलल्यावर ऐकणारं कुणी नसेल, तर त्याचा पहिलाच अनुभव अपयशाचा ठरतो, आणि पुढच्या वेळी ते गप्प बसतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडतील. पहिल्याच पालकसभेत तीन गोष्टी विचारा: लोहाची गोळी उपाशीपोटी देता की जेवणानंतर? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का? आणि एखाद्या मुलानं तक्रार केली, तर ती लिहून कोण घेतं, त्या व्यक्तीचं नाव काय?