कसारा घाट नको, ट्रॅक गाठा!

ताशी 120 च्या वेगातली हजार किलोची गाडी 60 वर आणताना ब्रेक जेवढी उष्णता पोटात घेतात, तेवढ्या उष्णतेवर सव्वा लिटर पाणी खळखळा उकळतं. म्हणजे टपरीवरचे डझनभर कटिंग. आणि हा सगळा प्रकार एका वळणाआधी, दोन-तीन सेकंदांत. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. रेस ट्रॅकवर पहिल्यांदा गाडी घातलेला माणूस संध्याकाळी परत येतो तेव्हा टॉप स्पीडबद्दल कमी आणि ब्रेकबद्दल जास्त बोलतो, त्याचं कारण हे.

नाशिकला गाड्यांचं वेड शिकवावं लागत नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार या गाड्या इथल्या महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. डिझेल इंजिनाला लागणारे बॉशचे इंजेक्टर सातपूरचे. राष्ट्रीय रॅली स्पर्धेतली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर धुरळा उडवून गेली आहे. विजेवर धावणाऱ्या फॉर्म्युला ईमध्ये 2014 च्या पहिल्या शर्यतीपासून महिंद्राचा संघ उतरतो आहे. एवढं सगळं आहे, पण हौशी माणसाने आपली गाडी घेऊन जावं असा डांबरी रेस ट्रॅक शहरात नाही. मग हौस भागवली जाते कसारा घाटात, त्र्यंबक रोडला पहाटे, नाहीतर समृद्धीवर. ही हौस योग्य जागी न्यावी, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे

पैसे भरायचे, आपली रोजची गाडी न्यायची आणि बंद ट्रॅकवर चालवायची, याचं नाव ट्रॅक डे. नंबर नाही, बक्षीस नाही. चालवणाऱ्यांचे अनुभवाप्रमाणे गट पाडतात. नवख्यांना पट्टीच्या चालकांबरोबर सोडत नाहीत. एका खेपेला साधारण पंधरा-वीस मिनिटं मिळतात. ऐकायला कमी वाटतं, पण तेवढ्यात मनगटं आणि मान भरून येतात. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, आणि पुढच्याने हाताने ‘या बाजूने जा’ अशी खूण केल्यावरच. समोरून कोणी येत नाही, कडेला खांब नाही, आडवं जनावर नाही, अँब्युलन्स आणि मार्शल हजर. चूक केली तर बहुतेक वेळा माती किंवा खडी लागते आणि मान खाली घालून परत यावं लागतं. घाटात हीच चूक दरीत नेते.

हेच धाडस सार्वजनिक रस्त्यावर केलं तर? मोटार वाहन कायद्याचं कलम 189 सांगतं: परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही.

धावपट्टीवरून सुरुवात

भारतातल्या कार रेसिंगचा सोन्याचा काळ गेला तो एका जुन्या विमानपट्टीवर. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती, तिथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती भरवायचा. हा क्लब 1953 चा. इंग्लंडचं सिल्व्हरस्टोनही मुळात युद्धकाळातला विमानतळच. लढाई संपली, विमानं गेली, लांबरुंद फरसबंदी मागे राहिली आणि गाड्यावाल्यांनी ती ताब्यात घेतली.

कोइम्बतूरच्या करिवर्धन यांचं नाव मात्र प्रत्येक मराठी गाडीवेड्याला माहीत असायला हवं. परदेशी रेसिंग कार परवडत नाही म्हणून हा माणूस रडत बसला नाही. त्याने मारुती 800 चं 796 सीसी इंजिन उचललं, त्याभोवती एकआसनी रेसिंग कार उभी केली, आणि घरातल्या भाजी आणायच्या गाडीचं इंजिन पोरांना शर्यत शिकवू लागलं. फॉर्म्युला मारुती ती हीच. 1995 मध्ये विमान अपघातात ते गेले. कोइम्बतूरचा 2.1 किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा आहे. इंजिनिअरिंगची मुलं स्वतः बनवलेल्या रेसिंग कार घेऊन ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेला जातात ती याच ट्रॅकवर. आपल्याकडच्या कॉलेजांतल्या वर्कशॉपमध्ये रात्र रात्र वेल्डिंग करणाऱ्या पोरांना करी हा शब्द पाठ असतो.

गाडी काढा, पण कुठे?

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा, बारा वळणांचा. नवख्याला शिकायला हा उत्तम, कारण यात जलद वळणंही आहेत आणि संथही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट 5.125 किलोमीटरचं, फॉर्म्युला वनसाठी बांधलेलं, रुंद, अवाढव्य. पहिल्याच दिवशी तिथे गेलात तर सरळ पट्ट्यावर वेग इतका चढतो की ब्रेकचा अंदाज चुकतो. कोइम्बतूरला करीशिवाय आता 3.8 किलोमीटरचा कोअॅस्ट ट्रॅकही आहे. अडचण एवढीच की यातलं प्रत्येक ठिकाण नाशिकहून हजार किलोमीटरच्या पलीकडे.

त्यापेक्षा जवळचं म्हणजे, आग्रा रोडने सरळ वर गेलं की धुळे, सेंधवा आणि मग इंदूरच्या अलीकडे पिथमपूर. तिथल्या नॅट्रॅक्सचा वेगाचा ट्रॅक 11.3 किलोमीटरचा, आशियातला सर्वांत लांब. 29 जून 2021 ला प्रकाश जावडेकरांनी त्याचं उद्घाटन केलं. पण तो लंबगोल आहे, गाड्यांच्या चाचण्यांसाठी बांधलेला. वळणं शिकायला त्याचा उपयोग नाही.

म्हणून माझा सल्ला: सुरुवात छोट्या चाकांवर करा. पुण्या-मुंबईला भाड्याचे कार्टिंग ट्रॅक आहेत आणि कोल्हापूरने तर मोहिते रेसिंग अकादमीच्या जोरावर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या भरवल्या आहेत. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक ही कोल्हापूरची पोरं पुढे मोठ्या शर्यतींत उतरली. कुस्तीच्या गावाने रेसर तयार केले, हे नाशिकने मनावर घेण्यासारखं आहे.

कार्टचं मागचं चाक हवेत का उचलतं?

कार्टला सस्पेन्शन नसतं. डिफरन्शियलही नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर पक्की. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, पण दांडा दोघांना सारखंच फिरवतो. मग कार्ट वळणार कशी? चौकट मुद्दाम लवचीक ठेवलेली असते. स्टिअरिंग फिरवलं की ती पिळली जाते आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून जरासं सुटतं. तेवढ्या क्षणापुरती कार्ट तीन चाकांवर वळते. कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी 1956 मध्ये पहिली कार्ट बनवली. कार्टमध्ये बसून स्टिअरिंग उगाच जास्त वळवलं तर वेग कसा मरतो ते कमरेला कळतं. कारमध्ये तेच कळायला वर्ष लागतं.

पन्नासचं सत्तर

काटकोनी वळण आहे असं धरा. रस्ता दहा मीटर रुंद, आतल्या कडेची त्रिज्या वीस मीटर. मधल्या रेषेवरून शहाण्यासारखं गेलात तर चांगले टायर ताशी पन्नासच्या आसपास हात टेकतात. आता त्याच गाडीने, त्याच टायरवर, बाहेरच्या कडेने आत शिरा, मध्यावर आतली कड जवळजवळ घासा आणि निघताना पुन्हा बाहेरच्या कडेला या. तीच गाडी ताशी सत्तरने सुखरूप पार होते. इंजिनाला एक रुपया खर्च नाही. वळणाची त्रिज्या दुपटीच्या जवळ गेली, एवढंच. आतली कड जिथे गाठायची त्या बिंदूला एपेक्स म्हणतात. नवखे तो नेहमी लवकर गाठतात, मग बाहेर पडताना रस्ता संपतो. शिकवणारा शेजारून दिवसभर एकच घोष करतो: “थांब, थांब, अजून थांब, आता वळव!”

आणि नजर? ती बॉनेटवर नको. ताशी शंभरने गाडी पाऊण सेकंदाच्या आत क्रिकेटची खेळपट्टी ओलांडते. ब्रेक लावतानाच नजर एपेक्सवर, एपेक्स येण्याआधी बाहेर पडायच्या टोकावर. हात आपोआप डोळ्यांच्या मागे जातात.

ब्रेकचं गणित तर घरच्या भिंतीवर लिहून ठेवा. कोरड्या डांबरावर साठच्या वेगातली गाडी जोरात ब्रेक मारल्यावर साधारण 18 मीटरमध्ये थांबते. एकशेवीसची 36 मीटरमध्ये नाही थांबत; तिला 71 मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. समृद्धीवर कारची मर्यादा 120 आहे. ट्रॅकवर पाय ठोकून एकदा हे अंतर अनुभवलेला माणूस समृद्धीवर पुढच्या ट्रकच्या मागे चिकटत नाही.

निघण्याआधी गाडी उघडा

सगळ्यात आधी ब्रेक ऑइल. हे द्रव हवेतलं पाणी शोषतं; आपल्याकडचे चार महिने पावसाचे, तेव्हा विचारूच नका. नवं डॉट 3 किमान 205 अंशांना उकळतं, पाणी पिऊन जुनं झालं की 140 लाच. डॉट 4 ची हीच मर्यादा 230 आणि 155. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो. मग पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

टायरमध्ये सकाळी थंडीत 30 हवा भरली आणि टायर साठ अंशांपर्यंत तापला की तीच हवा 35 च्या वर दाखवते. म्हणून प्रत्येक खेपेनंतर गेज लावा. आणि डिसेंबरच्या निफाडी थंडीतली पहिली फेरी सांभाळूनच. थंड रबर पकड धरत नाही.

डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं बाहेर. सीटखालून घरंगळलेली बाटली ब्रेक पेडलखाली अडकली तर काय होईल, याची कल्पना करा. देवाला त्या दिवशी घरी ठेवा, तो तिथूनही बघतो.

सीट अशी सरकवा की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. हात घड्याळाच्या नऊ आणि तीनवर. पातळ तळाचे बूट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. नायलॉन आगीत कातडीला चिकटतं. हेल्मेटमध्येही फरक असतो: स्नेल संस्थेच्या ‘एम’ खुणेचं मोटारसायकलसाठी, ‘एसए’ खुणेचं कारसाठी, आणि दुसऱ्याचीच आगीची परीक्षा झालेली असते. 1956 मध्ये शर्यतीत गेलेल्या पीट स्नेल या चालकाच्या मित्रांनी पुढच्याच वर्षी ही संस्था उभी केली.

उंच एसयूव्ही नेऊ नका. नाशिकच्या गाडीचा कितीही अभिमान असला तरी तिचा गुरुत्वमध्य वर असतो आणि जोरकस वळणात ती कलते. अनेक आयोजक तिला घेतही नाहीत. साधी, ठेंगणी हॅचबॅक हीच नवख्याची खरी सोबतीण.

विम्याचे कागदही वाचा. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर झालेलं नुकसान आपल्या खिशातून, असं धरूनच चला.

झेंड्यांची भाषा

पिवळा: पुढे धोका, सावकाश, ओव्हरटेक बंद. लाल: सत्र थांबलं, हळूहळू पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, या. निळा: मागे जलद गाडी आहे. पिवळे-लाल पट्टे: ट्रॅकवर तेल किंवा पाणी. काळा: तुम्हीच, आत या. आणि काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा म्हणजे संपलं. 30 ऑक्टोबर 2011 ला भारतातल्या पहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीत तो झेंडा फडकवला तो आपल्या सचिन तेंडुलकरने.

चौकडीचा झेंडा दिसला तरी गाडी लगेच थांबवत नाहीत. शेवटची फेरी अगदी हळू, ब्रेक जवळजवळ न लावता, गाडीला वारा देत काढायची. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेले ब्रेक आवळून ठेवले तर खराब होतात. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकामागे दगड. बॉनेट उघडला की जळक्या पॅडचा उग्र वास येतो, धातू टिक टिक करत थंड होत असतो, आणि शेजारच्या गाडीतला अनोळखी माणूस हेल्मेट काढून तिसऱ्या वळणाबद्दल विचारू लागतो. दिवसातला हा माझा आवडता क्षण.

जर्मनीत नुरबुर्गरिंगचा 1927 सालचा ट्रॅक आहे, 20.8 किलोमीटरचा. ठरलेल्या दिवशी टोल भरून कोणीही सामान्य माणूस तिथे आपली गाडी घालू शकतो. महाराष्ट्रात गाड्या बनतात, टायर बनतात, इंजेक्टर बनतात. असा एखादा छोटा ट्रॅक नाशिक परिसरात व्हावा ही मागणी गाड्यांच्या क्लबांनी आणि उद्योगांनी मिळून लावून धरायला हवी. जागा आहे, हात आहेत, हौसही आहे.

तोवर एक काम आजच करा. सर्व्हिस बुक काढा आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते बघा. दोन वर्षं उलटून गेली असतील, तर ट्रॅकचं बुकिंग नंतर. आधी ते बदलून घ्या.