इस्ट्रियाचे द्वीपकल्प : पाणी गिळणारा दगड व दंतुर किनारा

भूगोलाच्या तासाला द्वीपकल्पाची व्याख्या विद्यार्थ्यांकडून मुखोद्गत करून घेतली जाते. परंतु तेथील दगड, पाणी आणि मनुष्यजीवन यांचा परस्परसंबंध क्वचितच उलगडून दाखविला जातो. त्यासाठी भूमध्य समुद्राच्या एड्रियाटिक शाखेतील इस्ट्रिया हे उदाहरण फार उपयुक्त आहे. त्रिएस्त व क्वार्नेर या दोन आखातांमध्ये पाचरीप्रमाणे घुसलेल्या या द्वीपकल्पाचा बहुतेक भाग क्रोएशियात, उत्तरेचा पट्टा स्लोव्हेनियात व अगदी अल्प भाग इटलीत मोडतो.

पूर्वेकडून पश्चिमेस जाणाऱ्या प्रवाशास येथे तीन रंगांची भूमी लागते. प्रथम १,४०१ मीटर उंचीच्या उच्का पर्वताची चुनखडीची पांढरी भूमी; मध्यभागी चिकणमातीयुक्त मऊ खडकांची करडी भूमी; आणि पश्चिमेस व दक्षिणेस द्राक्षे व ऑलिव्ह पिकविणारी लाल भूमी. करड्या भूमीत पाणी मुरत नाही, ते माती घेऊन वाहते. मोतोवुनसारखी जुनी गावे तेथे टेकड्यांच्या माथ्यांवर वसलेली आहेत. लाल भूमीखाली मात्र पुन्हा चुनखडीच आहे. ही लाल माती कोकणातील जांभ्याच्या मातीसारखी दिसली, तरी दोहोंची घडण भिन्न आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कर्बवायू मिसळून ते किंचित आम्ल बनते. असे पाणी चुनखडीच्या भेगांत शिरून दगड विरघळविते, भेगा रुंदावतात व भूमीच्या पोटात विवरे तयार होतात. पाझिन या गावी तर किल्ल्याच्या पायथ्याशी १०० मीटरांहून अधिक खोल दरीत एक अख्खी नदी भूमीत लुप्त होते. म्हणून पाऊस पडूनही पृष्ठभाग कोरडा राहतो. परंतु लुप्त झालेले पाणी नाहीसे होत नाही. ते दूरच्या झऱ्यांतून पुन्हा प्रकट होते. मातीच्या थरांतून सावकाश गाळले न गेल्यामुळे एका ठिकाणी विवरात टाकलेली घाण दुसऱ्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात उतरू शकते.

पश्चिम किनारा सखल व अतिशय दंतुर आहे. हिमयुग संपून समुद्राची पातळी चढली, तेव्हा नद्यांची खोरी बुडाली. सुमारे १० किलोमीटर लांबीची लिमची खाडी हे असेच एक बुडालेले खोरे होय. तिच्यात आज कालवांची पैदास केली जाते. पूर्व किनारा मात्र उंच व तुटक्या कड्यांचा आहे. प्रवाशाने वाळूच्या विस्तीर्ण पुळणींची अपेक्षा करू नये. बहुतेक ठिकाणी खडक किंवा गोटेच आढळतात, त्यामुळे पाण्यात उतरताना पायांत काही असणे हिताचे. हिवाळ्यात ईशान्येकडून 'बुरा' नावाचा थंड व झोंबरा वारा सुटतो.

याच चुनखडीच्या दगडांत रोमन लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात पुला येथे भव्य रंगमंडल उभारले, तर शेतकऱ्यांनी चुन्यावाचून दगड रचून शेताचे बांध व गोल खोपी बांधल्या. पुलाजवळील ब्रिओनी बेटांवर पूर्वी हिवतापाचे थैमान असे. १९०० च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांनी रहिवाशांचे रक्त तपासून व क्विनीन देऊन तेथील हिवताप हटविला. पुढे जुलै १९५६ मध्ये पंडित नेहरू, टिटो व नासर यांची भेट याच बेटांवर झाली.

हा पाठ शिकविताना शिंपल्याच्या भुकटीवर लिंबाचा रस घालावा. निघणारे बुडबुडे पाहून दगड विरघळतो म्हणजे काय, हे मुलांना सहज कळेल. त्यानंतर आपल्या गावात पडणारे पावसाचे पाणी कोठे जाते आणि विहिरीत कोठून येते, हे त्यांना प्रत्यक्ष पाहून लिहिण्यास सांगावे. उकिरडा विहिरीच्या चढाकडे असू नये, हा आरोग्याचा नियम मग पाठ करून घ्यावा लागणार नाही. तो मुलांच्या मनात आपोआप रुजेल.