आतड्याची नेमलेली वेळ

पाठीच्या कण्याला इजा झालेल्या मनुष्याचें चालणें गेलें, हें सर्वांस दिसतें. मेंदूचा निरोप मज्जारज्जूंत अडल्यानें शौचाची जाणीव व तिजवरील ताबा हींही पुष्कळदां जातात. तें मात्र घरांत कोणी उच्चारीत नाहीं. देवपुरांतून पांझरा ओलांडून धुळ्यांत कचेरीस जाणें किंवा लग्नाच्या पंगतीस बसणें असा मनुष्य टाळतो, तें पायांपेक्षां या धास्तीनें.

त्यावर एक उपाय पाण्याचा आहे. बस्ति आपल्याकडे जुनीच. जनावराच्या मूत्राशयाची पिशवी वापरीत, म्हणून तें नांव. गांधीजींनींही एनिमाचा पुरस्कार केला. येथें मात्र शरीरशुद्धि हा हेतु नसून वेळ नेमणें हा आहे. शौचकूपावर बसून फुगा असलेली नळी गुदद्वारांत बसवितात व सुमारें अर्धा ते एक लिटर कोमट पाणी सावकाश सोडतात. नळी काढली कीं मोठ्या आतड्याचा खालचा भाग पाण्यासह रिकामा होतो. तो पुन्हां भरेपर्यंत एक-दोन दिवस बरेचसे निर्धास्त जातात. जेवणानंतर आतडें आपोआप हालूं लागतें, म्हणून ती वेळ सोयीची. २००६ सालीं युरोपांतील पांच केंद्रांच्या ८७ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. तींत या उपायानें बद्धकोष्ठ व अनावर शौच दोन्ही कमी झालेलीं आढळलीं.

पहिला प्रयोग डॉक्टरांच्या देखतच व्हावा. क्वचित् आतड्यास छिद्र पडतें. पोटांत तीव्र कळ आली किंवा बरेंच रक्त दिसलें, तर पाणी थांबवून तत्काळ रुग्णालय गांठावें.