मुक्त जॅझ कसें ऐकावें ?



आज ज्या संगीताविषयीं मला चार शब्द बोलावयाचे आहेत, तें कानीं पडतांच बहुतेक माणसें यंत्राचें बटण फिरवितात. मींहि पहिल्या दिवशीं तेंच केलें. जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्या जमविण्याचा छंद मला तरुणपणापासून आहे आणि माझा कान त्यांवरच पोसलेला. माझा एक जुना विद्यार्थी आतां परदेशीं असतो. त्यानें गेल्या वर्षीं मला अमेरिकेंतील जॅझ संगीताच्या कांहीं ध्वनिमुद्रिका पाठविल्या आणि सोबत एकच ओळ लिहिली : ‘गुरुजी, तीन वेळां ऐकल्याशिवाय मत देऊं नका.’ विद्यार्थ्यानें गुरुजींना घातलेला हा गृहपाठ मीं पुरा केला. आणि आज वर्षभरानें माझ्या संग्रहांत त्याच मुद्रिका सर्वांत अधिक वाजत आहेत. हा पालट कसा झाला, आणि नवख्या माणसानें हें संगीत कसें ऐकावें, तें आपणांपुढें ठेवतों.

‘मुक्त’ हें विशेषण समजावयाचें, तर आधींचें बंधन कोणतें होतें तें पाहिलें पाहिजे. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांनीं घडविलेल्या जॅझमध्यें वादनाची एक रीत रुळलेली होती. एखादें ठराविक गीत घ्यावयाचें. चार मात्रांचा एक खंड, असे बहुधा १२ किंवा ३२ खंड त्या गीताला असत. प्रत्येक खंडांत कोणता स्वरगुच्छ वाजावयाचा (तिकडे त्यास कॉर्ड म्हणतात) हें आधींच ठरलेलें असे. गीत एकदां वाजवून झालें, कीं तेवढ्याच खंडांचें आवर्तन पुनःपुन्हा फिरत राही, आणि एकेक वादक आपल्या पाळीला त्या स्वरगुच्छांना धरून आयत्या वेळीं नवी चाल रचीत जाई. १९४० नंतर चार्ली पार्करसारख्या वादकांनीं ही कला अतिशय वेगवान व अवघड करून ठेवली. पण वेग वाढला तरी रूळ तेच होते. वादकाच्या मनांत एखाद्या स्वरावर रेंगाळावयाचें असलें, तरी पुढील स्थानक आलें म्हणजे गाडी तेथें पोंचलीच पाहिजे.

मनांत आलेली चाल जिकडे जाऊं पाहते, तिकडे तिला कां जाऊं देऊं नये, असा प्रश्न ऑर्नेट कोलमन ह्या सॅक्सोफोनवादकाला पडला. ह्याचा जन्म १९३० सालीं टेक्सास संस्थानांतील फोर्ट वर्थ येथें झाला. १९४९ च्या सुमारास लुइझियानांतील बॅटन रूज ह्या गांवीं वादन झाल्यावर त्याला लोकांनीं मारहाण केली व त्याच्या वाद्याचाहि नाश केला. पुढें लॉस एंजलिसमध्यें लिफ्ट चालविण्याची नोकरी करीत तो संगीतशास्त्राचीं पुस्तकें वाची. तेथें त्यानें पांढऱ्या प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेतला. कारण तो स्वस्त होता. पुढें ह्याच वाद्यानें त्यानें नांव मिळविलें. २२ मे १९५९ रोजीं हॉलीवुड येथें त्यानें केलेलें ध्वनिमुद्रण ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’ ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. त्याच्याबरोबर कॉर्नेटवर डॉन चेरी, डबल बेस ह्या खर्जाच्या तंतुवाद्यावर चार्ली हेडन आणि ड्रमवर बिली हिगिन्स होते. पियानो मात्र नव्हता. स्वरगुच्छ सांगणारें वाद्यच नसल्यामुळें कोणीं कोठें जावें हें सांगणारा पंतोजीहि उरला नाहीं.

नवख्या श्रोत्यानें ह्या मुद्रिकेंतील ‘लोन्ली वुमन’ ही पहिली रचना प्रथम ऐकावी. तींत ड्रम झपाट्यानें धांवत असतो, आणि त्याच्यावर सॅक्सोफोन व कॉर्नेट मिळून एक करुण चाल अगदीं संथपणें आळवितात. धांवत्या गाडींतल्या खिडकीशीं एखादें माणूस स्तब्ध बसून राहावें, तसा तो परिणाम आहे. हे दोन वेग एकमेकांस बांधलेले नाहींत, तरी एकमेकांस सोडूनहि जात नाहींत. ह्या चौकडीनें नोव्हेंबर १९५९ मध्यें न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ ह्या लहानशा ठिकाणीं वादन सुरू केलें, तेव्हां जाणत्यांमध्यें उघड फळी पडली. कोणीं कोलमनला प्रतिभावंत ठरविलें, कोणीं ढोंगी.

त्यानंतर १९ महिन्यांनीं नव्हे, तर त्या हॉलीवुडच्या मुद्रणापासून १९ महिन्यांनीं, म्हणजे २१ डिसेंबर १९६० रोजीं, कोलमननें न्यूयॉर्क येथें जें वादन मुद्रित केलें, त्याचें नांव ‘फ्री जॅझ’. पुढें ह्या सबंध पंथाला तेंच नांव पडलें. ह्या खेपेस त्यानें आठ वादक घेऊन त्यांच्या दोन चौकड्या केल्या. डाव्या कर्ण्यांतून स्वतः कोलमन, डॉन चेरी, स्कॉट लाफॅरो व बिली हिगिन्स ऐकूं येतात. उजव्या कर्ण्यांतून खर्जाच्या क्लॅरिओनेटवर एरिक डॉल्फी, ट्रंपेटवर फ्रेडी हबर्ड, डबल बेसवर चार्ली हेडन आणि ड्रमवर एड ब्लॅकवेल. सुमारें ३७ मिनिटांचें हें वादन तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापतें. त्यांत आधीं ठरविलेलें फार थोडें आहे : मधून मधून सर्वांनीं मिळून वाजवावयाचे आंखूड तुकडे, आणि प्रत्येकाची पाळी. परंतु एकाची पाळी चालू असतां इतरांनीं गप्प बसावें असा दंडक नाहीं. त्याचें ऐकून ज्याला जें सुचेल, तें त्यानें मध्यें बोलावें.

हें वादन मी दोन महिने हेडफोन लावून ऐकत होतों. कोलमनचें ओरडणें आतां आवडूं लागलें होतें. पण तो कोणाशीं बोलतो आहे तें उमगेना. डॉल्फीचा क्लॅरिओनेट मला नेहमीं भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटे. मुद्रणाचा दोष समजून मीं विद्यार्थ्याला तसें कळविलें. त्याचें उत्तर आलें : ‘गुरुजी, तो तर पहिल्यापासून तुमच्या कानाशींच ओरडतो आहे.’ तेव्हां मनांत शंका आली व कानाच्या डॉक्टरांकडे गेलों. उजव्या कानाचें ऐकणें बरेंच मंदावलें होतें, आणि तें मला ठाऊकहि नव्हतें. आमच्या सौभाग्यवती दोन वर्षें म्हणत होत्या, ‘उजवीकडून हांक मारली तर तुम्ही ओ देत नाहीं.’ मी तो त्यांचा बोलण्याचा स्वभाव समजत होतों.

त्या रात्रीं मीं हेडफोन उलटा घातला. उजवी बाजू डाव्या कानावर आली. जणूं दुसरीच मुद्रिका ऐकत होतों! जेथें कोलमन उगीच किंचाळतो असें वाटे, तेथें पलीकडून ट्रंपेटनें कांहीं म्हटलेलें होतें आणि हा त्याला उत्तर देत होता. जी मला बेशिस्त वाटली होती, ती अर्धें संभाषण ऐकल्याची खूण होती.

येथें मला माझा व्यवसाय उपयोगी पडला. प्राथमिक शाळेंत ३४ वर्षें काढलेल्या माणसाला वर्गाच्या गलक्याचे दोन प्रकार ठाऊक असतात. एक दंग्याचा, दुसरा, चाळीस मुलें गटागटानें गणितें सोडवीत असतांना होणारा. परक्याला दोन्ही सारखेच वाटतील. पण शिक्षक व्हरांड्यांतून चालतां चालतां ओळखतो, कारण दुसऱ्या गलक्यांत एकजण बोलला कीं कोणीतरी त्याला उत्तर देतो. दंग्यांत उत्तर नसतें. मुक्त जॅझमध्यें नियम गेले असें म्हणणें बरोबर नाहीं. जो नियम कागदावर होता, तो वादकाच्या कानांत आला. पूर्वीं चुकलेल्या वादकाला आवर्तन सांभाळून घेई. येथें दुसऱ्याकडे लक्ष देणें सुटलें, कीं सांवरावयास कांहीं उरत नाहीं. म्हणूनच ह्या पंथांत चांगल्या मुद्रिका आहेत, तशा वाईटहि पुष्कळ आहेत.

आतां दुसरा प्रश्न : ह्यांत एवढा आक्रोश कां? ‘फ्री जॅझ’ ज्या १९६० सालीं मुद्रित झालें, त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत ग्रीन्सबरो येथें चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठीं राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसले होते. प्रत्येक वादकाच्या मनांत राजकारण होतें असें मी म्हणत नाहीं. पण ‘मुक्त’ ह्या शब्दाला त्या काळीं त्या देशांत काय वजन होतें, तें विसरतां येत नाहीं. १५ सप्टेंबर १९६३ रोजीं अलाबामांतील बर्मिंगहॅम येथें चर्चमध्यें बाँब उडवून चार मुलींचा बळी घेण्यांत आला. त्याच नोव्हेंबरांत जॉन कोल्ट्रेननें ‘अलाबामा’ ही रचना मुद्रित केली. ती मुक्त जॅझमध्यें मोडत नाहीं. पियानोच्या खर्जाच्या घुमण्यावर सॅक्सोफोन जवळजवळ बोलतोच. ती ऐकल्यावर पुढील किंकाळ्यांचा उगम मला कळला.

अल्बर्ट आयलर ह्याची ‘स्पिरिच्युअल युनिटी’ ही १० जुलै १९६४ ची मुद्रिका अर्ध्या तासाहूनहि लहान आहे. सॅक्सोफोन, डबल बेस व ड्रम एवढींच वाद्यें. ‘घोस्ट्स’ ही चाल लहान मुलानेंहि गुणगुणावी इतकी साधी. पण दोनचार क्षणांतच तो ती फाडून तिच्यांतून आर्त आवाज काढूं लागतो. सनी मरे ठेका धरीतच नाहीं. त्याच्या झांजा अखंड झिरपत राहतात. कोल्ट्रेन १७ जुलै १९६७ रोजीं वारला. चार दिवसांनीं न्यूयॉर्कच्या चर्चमध्यें झालेल्या त्याच्या अंत्यविधींत आयलर आणि कोलमन ह्या दोघांच्याहि वादकसंचांनीं वादन केलें. आयलर स्वतः १९७० सालीं अवघ्या ३४ व्या वर्षीं गेला. कोलमन मात्र दीर्घायुषी झाला. ज्याला ढोंगी म्हटलें होतें, त्याला २००७ सालीं संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. २०१५ सालीं तो निवर्तला.

आपल्याकडील श्रोते विचारतील, हें आमच्या रागविस्तारासारखेंच नव्हे काय? कोल्ट्रेनला आपल्या संगीताची ओढ होती हें खरें. नोव्हेंबर १९६१ मध्यें त्यानें ‘इंडिया’ ही रचना वाजविली आणि १९६५ सालीं जन्मलेल्या आपल्या मुलाचें नांव पंडित रविशंकरांवरून रवि ठेविलें. तथापि हें साम्य फार ताणूं नये. आपल्या गवयाला रागाचे वर्ज्यावर्ज्य स्वर आणि तालाची सम हीं सोडतां येत नाहींत. मैफलींत मुख्य माणूसहि बहुधा एकच असतो. ह्या लोकांनीं सम सोडली आणि पुढारीपणहि सोडलें.

तेव्हां माझी सूचना अशी. प्रथम ‘लोन्ली वुमन’, मग ‘अलाबामा’, मग ‘घोस्ट्स’, आणि शेवटीं ‘फ्री जॅझ’ ऐकावें. प्रत्येक खेपेस एकच वाद्य धरावें : आज डबल बेस, उद्यां ड्रम. त्याला कोण उत्तर देतो तेवढेंच शोधावें. एका बैठकींत दहा मिनिटांहून अधिक ऐकूं नये. आणि माझ्या वयाच्या श्रोत्यांनीं आधीं दोन्ही कान तपासून घ्यावे.

मला आतां श्रवणयंत्र मिळालें आहे. डॉल्फी भिंतीच्या अलीकडे आला आहे. सौभाग्यवतींना हें संगीत अजून आवडत नाहीं. त्या त्याला नळावरचें भांडण म्हणतात. पण परवां ‘फ्री जॅझ’ चालू असतां त्यांनीं उजवीकडूनच हांक मारली, आणि मीं पहिल्या हांकेस ओ दिली.